कडी नसलेला कोंडवाडा

येडशीच्या शाळेत माझी बदली झाली १९५८ साली, आणि गावात माझं पहिलं भांडण झालं ते कोंडवाड्याच्या राखणदाराशी. शाळेच्या समोरच ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं की ते धरून तिथं कोंडायचं आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, असा सरळ कारभार. पण इथली जनावरं कोंडलेली राहतच नसत. भर दुपारी डोक्यानं दार ढकलून बाहेर येत आणि थेट आमच्या शाळेच्या बागेत शिरत. मेथी गेली, वांगी गेली, शेवग्याची रोपं बुडापासून गेली. मी मुळातच तापट. माझ्या बायकोचं, नसीमबीचं, म्हणणं असं की, इतरांच्या नाकावर राग असतो, तुमच्या रागावर थोडंसं नाक आहे.

छडी घेऊन तरातरा गेलो. दाराशी दगडावर एक उंच, हाडापेरानं दणकट माणूस बसला होता. अंगात पलटणीचा जुना खाकी कोट, खांद्यावर घोंगडं.

"दाराला कडी का नाही?" मी विचारलं.

"व्हती. काडून टाकली."

"का?"

"ज्याला जायाचंय त्याला जाऊ द्यावं, मास्तर."

"अहो, मग हा कोंडवाडा कसला? धर्मशाळा म्हणा! पलटणीत होता म्हणे तुम्ही. हीच शिस्त शिकवली का तिथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊन पाहतो तर बागेभोवती बोराटीच्या काट्यांचं भक्कम कुंपण उभं. हात रक्ताळलेले आणि हा आपला दगडावर बसलेला. कडी मात्र त्यानं बसवली नाही ती नाहीच. माझं तोंड बंद झालं, आणि ते सहसा होत नाही.

त्याचं नाव बिराप्पा. रामलिंगाच्या डोंगराकडच्या वस्तीवरचा धनगर. निजामी गेल्यावर दोन वर्षांनी सोलापूरला भरती निघाली तेव्हा पलटणीत गेला, पाच वर्षं नोकरी करून परत आला. भाऊ दगडोबा याच्याकडे दीडशे मेंढरं होती, त्यातली निम्मी त्यानं बिराप्पाच्या हवाली केली. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. पण पहिल्याच हंगामात मेंढरं महालिंगप्पाच्या हुरड्याला आलेल्या ज्वारीत शिरली, आणि बिराप्पा बांधावर उभा राहून पाहत राहिला. दगडोबा लांबून ओरडत होता, "आरं वळव की! हात तोडलं का तुझं?" याचे हात मांडीला चिकटलेले. अर्धं शेत गेलं. असं एकदा नाही, तीनदा झालं.

मेंढरू न वळवणारा धनगर म्हणजे काय, हे मला शहरात शिकलेल्या माणसाला कळायला वेळ लागला. दगडोबानं मेंढरं परत घेतली. बायको बानूबाई दोन वर्षं लोकांचं बोलणं ऐकत राहिली. मग दिवाळीनंतर कळप भीमेकडे निघाला तेव्हा ती दिराच्या बिऱ्हाडाबरोबर निघून गेली आणि परतताना नळदुर्गाजवळ माहेरी उतरली, ती तिकडचीच झाली. तिला मी दोष देत नाही. दरवर्षी ती कुणाच्या तरी हाती स्वतः कातलेल्या लोकरीचं एक घोंगडं पाठवी. निरोप काही नसे. बिराप्पाच्या खोपटात अशी तीन घोंगडी घडी घालून ठेवलेली होती, आणि तो पांघरायचा ते जुनंच. पलटणीतला माणूस म्हणून पंचायतीनं त्याला कोंडवाड्याची राखण दिली. गावात त्याच्याशी कुणी भांडत नसे, की बोलतही नसे. म्हशी तेवढ्या त्याला ओळखत.

एका रविवारी दुपारी तो शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

"सादिक मास्तर, तुमाला विंग्रजी येतं म्हनं."

"तीन भाषा येतात," मी म्हणालो. "शिकलो उर्दूत, नोकरी टिकवायला मराठी घाईघाईनं उरकली आणि इंग्रजी मधल्यामधे. तिन्ही अर्धवट आहेत. कशाला हवं?"

"दिल्लीला अर्जी धाडायची हाय. एक मानूस घरी पोचला का न्हाय, ह्ये इचारायचंय."

मला वाटलं, पलटणीतला कुणी सोबती असेल. तसा तो नव्हता. तो चिनी होता, आणि बिराप्पाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

मग त्यानं कोरियाची हकिगत सांगितली. त्रेपन्न साली तिथली लढाई थांबली, पण अमेरिकेच्या बाजूच्या ताब्यात बावीस हजारांवर कैदी उरले, चिनी आणि उत्तरेकडचे कोरियन. हे म्हणत होते, आम्हाला आमच्या मुलखात परत जायचं नाही. आता खरंच जायचं नाही, की कुणी धाकानं म्हणवून घेतंय, हे कसं कळावं? दोन्ही बाजू दोन वर्षं मेजाभोवती बसून यावरच अडल्या होत्या. शेवटी ठरलं की, कैदी तिऱ्हाइताच्या ताब्यात द्यायचे, पाच देशांची समिती नेमायची आणि राखण हिंदुस्थानच्या पलटणीनं करायची. दक्षिणेकडच्या सरकारनं आपल्या जमिनीवर हिंदुस्थानच्या शिपायांना पाऊल टाकू दिलं नाही, म्हणून यांना बोटीवरून उचलून पंख्याच्या विमानातून, म्हणजे हेलिकॉप्टरातून, नेलं. हे बिराप्पानं गावात सांगितलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले होते. तेव्हापासून त्यानं सांगणं सोडलं होतं.

"कायदा लई चांगला व्हता, मास्तर," तो म्हणाला. "एकेकाला तंबूत न्यायचं. तिथं त्येच्या मुलखाची मानसं बसल्याली. त्येंनी सांगायचं, बाबा, घरी चल, तुला कुनी काय करनार न्हाय. धमकवायचं न्हाय, हात लावायचा न्हाय. मंग दोन दारं. ह्या दारानं गेलं की घर. त्या दारानं गेलं की न्हाय. ज्येचं त्येनं ठरवायचं. आमच्यातबी आसंच हाय की. मेंढरावरनं दोगांचं भांडान लागलं तर त्ये दोन कळपांच्या मधी सोडत्यात. आपसूक ज्या कळपात जाईल त्येचं त्ये."

पाचशे पाचशे कैद्यांचा एकेक तारेचा वाडा होता. पहारा तारेबाहेर आणि आत कैद्यांचे त्यांचेच म्होरके. घरी जायचं कुणाच्या मनात आहे असा नुसता वास आला तरी ते त्याला झोडपत. म्हणून नियम असा होता की, जो कुणी आपल्या पायानं फाटकाशी येईल त्याला ताबडतोब बाहेर घ्यायचं, विचारपूस नंतर. मोजणीच्या वेळी शिपाई आत जात, हातात नुसती काठी घेऊन. मोजणीत बिराप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता. धनगर मेंढरं आकड्यानं मोजत नाही, तोंडानं ओळखतो. कोण कमी आहे हे त्याला रांगेवरून नुसती नजर फिरवून कळायचं. साहेबानं पाठ थोपटली होती.

कार्तिकातली ती सकाळ होती, बर्फाचा वारा सुटलेला. मोजणी चालू असताना चौथ्या रांगेतला एक जण एकदम उठला आणि फाटकाकडे पळत सुटला. फाटकात बिराप्पा उभा होता.

पुढचं सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"कळपातनं मेंढरू फुटावं तसा त्यो आला. म्या हुर्र केलं. काठी आडवी धरली आन् दोनी हात पसरलं. लहानपनापासनं ह्येच करत आलोय ना. नियम मला पाठ व्हता, मास्तर. पन हाताला न्हवता. त्यो थांबला. माज्याकडं बगितलं त्येनं. त्येला वाटलं आसंल, ह्योबी घेत न्हाय. तेवड्यात मागनं चौगांनी धरला."

दुसऱ्या दिवशी मोजणीत एक कमी. म्होरके म्हणाले, आजारी आहे, झोपलाय. बिराप्पानं हवालदाराला सगळं सांगितलं, हवालदारानं वर कळवलं. पण आत शिरून झडती घ्यायची तर गोळी चालली असती, दहा-वीस माणसं पडली असती, आणि माणसं मारून एकाला सोडवायला तो कायदा नव्हता. पाच देशांची माणसं मेजावर बसली. दोघं एक म्हणाले, दोघं दुसरं, आणि पाचवे आपले साहेब मधे अडकले. या वाड्यातली माणसं तंबूपर्यंत आलीच नाहीत, म्होरक्यांनी येऊ दिली नाहीत. नव्वद दिवसांची मुदत संपली. जानेवारीत फाटकं उघडली आणि सगळे गाणी म्हणत दक्षिणेकडे चालते झाले. बिराप्पा फाटकाशी उभा राहून एकेक तोंड पाहत होता. ते तोंड त्यांत नव्हतं.

"मंजे दुसऱ्या बाजूच्या फाटकानं निसटून घरी तरी गेला आसंल," तो म्हणाला, "न्हायतर..."

मग मी दौत घेतली. इंग्रजी शब्द आठवत आठवत चार ओळी लिहिल्या आणि विचारलं, "साहेब लोक विचारतील, तुमचं त्या माणसाशी नातं काय?"

"म्या त्येला आडवला."

"हे नातं झालं का?"

"दुसरं काय हाय?"

सरकारी कागदावर असं काही लिहिणं मला बरं दिसेना. मी 'मित्र' असं लिहिलं आणि त्याला सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. शाळेच्या एका कोपऱ्यातच टपालघर होतं, त्यामुळं पाकीट माझ्याच हाती पडलं. समिती केव्हाच विसर्जित झाली आहे, कैद्याचं नाव आणि क्रमांक कळवल्यास पाहता येईल, असं अदबीनं लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं.

"लंबर कुनाला ठावं?" बिराप्पा म्हणाला. "तोंड सांगितलं तर चालंल का?"

चालणार नाही हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, सांगा. आणि त्यानं सांगितलं, धनगर बाजारात मेंढराची खूण सांगतो तसं. डावी भुवई मधोमध तुटलेली. उजवा पाय किंचित ओढून टाकतो. थंडी वाजली की कानाची पाळी चोळतो. वरच्या दातांत फट. वय तिशीच्या आतलं. हसताना एकदाच पाहिला, तेव्हा मान खाली घातली होती. सात वर्षं झाली होती त्याला, आणि हा माणूस समोर बसवून बोलावं तसं बोलत होता. हे सगळं इंग्रजीत बसवताना माझ्या नाकी नऊ आले. मी चिडलो, कागद फाडले, पुन्हा लिहिले. आज सांगतो, माझ्या हातून लिहिला गेलेला तेवढाच एक कागद मला मोलाचा वाटतो.

त्यानंतर रोज टपालाच्या वेळेला तो येऊन पायरीवर बसू लागला. उत्तर येत नव्हतं. तरी आमच्या गप्पा होऊ लागल्या. बोलणं बहुतेक माझं असे, तो मान डोलवी. त्या गावात मलाही दुसरं कोण होतं? मुसलमान मास्तर म्हणून लोक अदब राखत आणि चार पावलं अंतरही राखत. त्याच्याजवळ बसलं की मला बरं वाटायचं, हे मी त्याला कधी बोललो नाही.

बासष्टच्या दिवाळीत चीनशी लढाई पेटली. गावात वर्गणी झाली, सभा झाली, पोरांनी चिनी माणसाचं बुजगावणं करून जाळलं. बिराप्पा त्या दिवशी खोपटाबाहेर आला नाही. पुढच्याच महिन्यात नसीमबी धावत शाळेत आली. "अजी, घर को जमादार आयेला है!"

पोलिसांतला जमादार, पण भला माणूस होता. चहा घेतला, हसतखेळत बोलला. चिनी माणसाची चौकशी करणारा कागद इथून गेलाय, अक्षर तुमचं आहे, म्हणून सहज विचारतो, एवढंच म्हणाला. मी सगळं सांगितलं, त्यानं लिहून घेतलं आणि तो गेला. त्यानं मला काही केलं नाही. पण अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या वेळी, आमच्या गावात जे झालं ते माझ्या अंगात होतं. तेव्हाही कुणीतरी आधी असंच सहज विचारायला आलं होतं. माझा थोरला भाऊ त्यांच्याबरोबर गेला, तो परतला नाही. जमादार गेल्यावर मी दिल्लीच्या उत्तराचं पाकीट चुलीत घातलं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, सकाळची शाळा सुटल्यावर, बिराप्पा आला. पायरीवर बसला नाही, सरळ दाराकडे आला. इतक्या वर्षांत त्याला मी असा घाईत कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, पंचायतीच्या रेडूवर सांगितलं. चीन आपली धरल्याली मानसं परत देतोय. सरहद्दीवर दोनीकडची मानसं समोरासमोर बसत्यात, रेडक्रासवालीबी आसत्यात. आत्ताच इचारायचं. लडाईत कुनी कुनाचं ऐकत न्हाय, पन मानसं देताघेताना समदी ऐकत्यात. तिकडं बगितलंय म्या. आत्ता दार उगडं हाय. चार दिसांनी लागंल."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दिल्लीतल्या एखाद्या वकिलालाही सुचलं नसतं असं त्याला सुचलं होतं. आणि मी म्हणालो, "नाही. आता नाही. मला बायको-मुली आहेत. तुम्ही इथं येत जाऊ नका."

"येकच कागूद, मास्तर."

तो उंबऱ्याकडे एक पाऊल पुढं आला. माझ्या तोंडून काय शब्द निघाले ते आठवत नाही, काहीतरी मोठ्यानं निघालं. बिराप्पा थांबला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या हातांकडे पाहत होता. तेव्हा मीही पाहिलं. मी दारात उभा होतो आणि माझे दोन्ही हात पसरून चौकटीला टेकलेले होते.

"आसूं द्या," तो अगदी हळू म्हणाला. "हाताला कळत न्हाय."

आणि वळून गेला.

दोन दिवस लाजेनं मी तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर कोंडवाड्याचं दार सताड उघडं, आत एकही जनावर नाही. खोपटात बानूबाईची घोंगडी तशीच घडी घातलेली होती, आता ती सहा झाली होती. जुनं घोंगडं आणि खाकी कोट नव्हता. स्टेशनावर चौकशी केली. पहाटेच्या गाडीनं कुर्डुवाडीकडे गेला म्हणे. सरहद्दीकडे गेला, बायकोकडे गेला, की नुसताच गेला, कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही. दगडोबा म्हणाला, "येईल." नळदुर्गाला कार्ड टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. पंचायतीनं नवा राखणदार नेमला. त्यानं पहिल्याच दिवशी दाराला कडी बसवली. माझ्या बागेला आता कसलाच धोका नव्हता. मी ती बाग वाळू दिली.

पासष्टच्या जूनमध्ये शाळेच्या पत्त्यावर रेडक्रॉसचं पाकीट आलं. आमचा तो दुसरा कागद, तुटलेल्या भुवईचा, दिल्लीत कुणीतरी फेकून न देता त्यांच्याकडे पाठवला होता. बरोबर एक छापील फॉर्म होता. बेपत्ता इसमाचं नाव, क्रमांक, ओळखीच्या खुणा, शेवटचं कुठं दिसला, अर्जदाराचं त्याच्याशी नातं. तोंड सांगितलं तर चालत होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पायरी रिकामी होती.

शाळेचं दार उघडं टाकून मी फॉर्म भरायला बसलो. नाव, माहीत नाही. क्रमांक, माहीत नाही. खुणा सगळ्या लिहिल्या, एकही विसरलो नव्हतो. नात्याच्या रकान्यात या वेळी 'मित्र' न लिहिता बिराप्पानं सांगितलं होतं ते लिहिलं.

मग वहीचा एक कोरा कागद घेतला आणि त्यावर पट्टीनं तसाच दुसरा फॉर्म आखला. नाव, बिराप्पा. खुणा, उंच, बांधा दणकट, खाकी कोट, तळहातांवर बोराटीच्या काट्यांचे वण, बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहतो. शेवटचं कुठं दिसला, येडशी, शाळेचं दार. नात्याच्या रकान्याशी मी बराच वेळ थांबलो. दुसरा शब्द असता तर लिहिला असता. शेवटी त्याचाच लिहिला. मी त्याला अडवला.